लघाटे सरांचा फॉर्म

लघाटे सरांना खोटं बोलता येत नाही, असं झाशीत लक्ष्मी गेटपासून दतिया गेटपर्यंत कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं. ही समजूत सरांनीच मेहनतीने पसरवलेली. काही विचारलं की ते आधी चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसत, चष्मा परत नाकावर बसवत आणि मग तोंड उघडत. इतक्या सावकाशीने बोलणारा माणूस खरंच बोलत असणार, असं समोरच्याला वाटे. माझ्या मते काचा पुसण्याचा तो वेळ त्यांना खोटं नीट बेतायला लागायचा.

सर म्हणजे तसे सर नव्हतेच. एका इंटर कॉलेजच्या, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेच्या, रसायनशाळेत ते सहायक होते. लेक्चरर मंडळी फळ्यावर प्रयोग करायची आणि तोच टेबलावर फसला की ‘लघाटेजी’ म्हणून हाक मारायची. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे फसलेले प्रयोग निस्तरल्यावर त्यांना लेक्चररांपेक्षा जास्त रसायन येत होतं, आणि हे गुपित पोरांना फार आधीपासून ठाऊक होतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पुडीतला क्षार ओळखायला दिला की सर खिडकीशी उभे राहून खोकायचे. एकदा खोकले तर क्लोराइड, दोनदा खोकले तर सल्फेट, अशी झाशीतल्या कित्येक डॉक्टरांची आजही श्रद्धा आहे. मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं. चष्मा निघाला, पुसला गेला, परत बसला.

"परीक्षा भर थंडीत असते. मला खोकला होतो. कुणाला त्यात सल्फेट ऐकू आलं तर तो काय माझा दोष?"

निवृत्त झाल्यावर ते डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना घरीच रसायन शिकवू लागले. घर लक्ष्मी गेटजवळ, रजया भरणाऱ्याच्या दुकानावर. खाली दिवसभर कापूस पिंजला जायचा आणि त्याची भुरभुर जिन्याने वर यायची. वर्ग सुटला की आम्ही सगळे पिकल्या केसांनी घरी जायचो.

शिकवायचे हिंदीतून, रागवायचे मात्र मराठीतून. विद्यार्थ्यांत मराठी घरची मी एकटी. आमचे पूर्वज मराठ्यांच्या कारभारात इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. पण सरांच्या कृपेने वर्गातल्या यादवांना, कुशवाहांना आणि जैनांनाही ‘मेल्या’, ‘शुंभ’ आणि ‘अक्कल गहाण ठेवलीस का’ एवढी मराठी अस्खलित यायची. एकाने तर पुण्याला मुलाखतीला गेल्यावर आपल्याला मराठी येते असं सांगितलं होतं. पुढे काय झालं ते तो सांगत नाही.

नीटच्या परीक्षेत रसायनाचे पंचेचाळीस प्रश्न असतात आणि प्रत्येकाला चार पर्याय. सर म्हणायचे, "पहले तीन को घर से बाहर निकालो. का काढलं ते त्यांच्या तोंडावर सांगा. जो बच जाए, उससे चाय पूछो." बरोबर उत्तर देऊन भागायचं नाही. बाकीचे तीन का चूक, हे सांगता आलं नाही तर शून्य. शेजारच्या नव्या कोचिंगमध्ये पोरं मिनिटाला एक प्रश्न उडवायची, तेव्हा आमच्याकडे एका प्रश्नावर पाऊण तास भांडण चालायचं.

सेंद्रिय रसायनात एक क्रिया असते. एक गट मागून येतो, त्याच क्षणी दुसरा पुढून निघून जातो आणि सगळा रेणू उलटा होतो. सरांनी ती आम्हाला स्वतःच्या स्वयंपाकघरात करून दाखवली. मागच्या दाराने ते आत शिरले, पुढच्या दाराने एका जाड्या मुलाला त्यांनी बाहेर ढकललं आणि मधल्या ओट्यावरची वाट्या-भांडी उपडी घातली. त्यातल्या एका वाटीत विरजण होतं.

"तुमच्या रसायनाला माझं दही कशाला हो लागतं?" काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने विचारलं.

"आता कुणी विसरणार नाही," सर म्हणाले. खरंच कुणी विसरलं नाही. काकूही नाही.

मी त्या परीक्षेला दोनदा बसले आणि दोनदा आपटले. मग बी.एस्सी.ला नाव घातलं. माझ्या घरी प्रिंटर होता, म्हणून सरांनी मला प्रश्नपत्रिका छापायला ठेवून घेतलं. "डॉक्टर झाली नाहीस, निदान कंपाउंडर हो," म्हणाले. अशा रीतीने मी कंपाउंडर झाले, आणि म्हणून पुढचं सगळं मला जवळून पाहायला मिळालं.

रचना झाशी जिल्ह्यातल्या टहरौलीची. वडील शेतकरी, तिच्याआधी घरात कुणी मुलगी आठवीच्या पुढे शिकलेली नव्हती. झाशीत मावशीकडे राहून ती वर्गाला यायची. जीवशास्त्र तिला असं यायचं की पुस्तकात छपाईची चूक असली तर तीच सांगायची. रसायन समोर आलं की मात्र तिची बोबडी वळायची. पहिल्या परीक्षेत तिला रसायनात एकशे ऐंशीपैकी एकतीस मिळाले. उरलेल्या दोन विषयांवर निभावण्यासारखं ते नव्हतं.

जुलैत तिचे वडील तिला न्यायला आले. उंच, मिशाळ, खांद्यावर गमछा. जिन्यातच कापूस अंगावर पडला तो झटकत वर आले आणि उभ्या उभ्याच आपल्या बुंदेलीत बोलले; मोड़ी म्हणजे मुलगी.

"मास्साब, मोड़ी को एक साल तो गओ. अब दूसरो नईं. लड़का देख लओ है."

रचना दाराआड उभी होती. तिची मान खाली होती, आणि पायाच्या अंगठ्याने ती फरशीवरचा कापूस गोळा करत होती. तिला परत नेलं तर काय होणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गावात लग्न, आणि पुस्तकं फडताळात.

सर म्हणाले, "एक साल और दीजिए. लड़की निकल जाएगी."

"आपको कैसें पता? आपने खुद कभऊँ दई जा परीक्षा?"

प्रश्न बिनतोड होता. सरांनी चष्मा काढला. एक काच पुसली. दुसरी काच पुसली. नेहमीपेक्षा जास्तच वेळ लागला.

"नहीं दी," ते म्हणाले. "इस साल दे रहा हूँ."

वडिलांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. सर मात्र गंभीर होते. वयाची अट आता उठली आहे, साठीच्या माणसालाही बसता येतं, खाली जाऊन विचारा म्हणाले. वडील खरंच खाली गेले. रजईवाल्याला विचारलं, समोरच्या औषधांच्या दुकानात विचारलं. दोन्हीकडून ‘हो’ आलं. परत वर आले तेव्हा सरांनी पुढची सोंगटी सरकवली.

"रसायन मुझे आता है. जीवविज्ञान का एक अक्षर नहीं आता. वो मुझे रचना पढ़ाएगी. आप उसको ले गए तो मैं किससे पढ़ूँगा?"

वडील पेचात पडले. मुलगी शिकत नाही म्हणून परत नेणं सोपं होतं. पण मुलगी खुद्द मास्तरांना शिकवते आहे, तिला कसं न्यायचं? गावात काय सांगायचं? त्यांनी गमछा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"एक साल," म्हणाले. "जाके बाद आप कछू न कहियो."

त्या वर्षी रोज दुपारी चार ते पाच सर विद्यार्थी असत. एक शंभर पानी वही, एक निळं पेन, आणि मांडी घालून सतरंजीवर. रचना त्यांच्या खुर्चीवर. सुरुवातीला तिला खुर्चीवर बसताना घाम फुटायचा. दिवाळीपर्यंत ती वरून ओरडायला लागली होती. सरही ओरडा खाण्यासारखंच करायचे. तेव्हाच एकदा झुरळाच्या हृदयाचा विषय निघाला. त्याला तेरा कप्पे असतात हे ऐकून सर थक्क झाले.

"तेरह? मेरे चार हैं, उसमें भी डॉक्टर रोज दोष निकालता है. ह्या मेल्याला तेरा?"

त्या दिवसापासून त्यांनी काकूंना स्वयंपाकघरात झुरळ मारायची बंदी केली. तेरा कप्प्यांच्या प्राण्यावर चप्पल उचलणं त्यांना जमेना. काकूंनी आठवडाभर ऐकून घेतलं, मग सर बाजारात गेल्याचं बघून काम उरकायला लागल्या.

पाच वाजले की रसायन. इथे सरांनी जे केलं ते कुठल्या कोचिंगच्या जाहिरातीत बसणार नाही. ते काही शिकवेनातच. "मैं बूढ़ा हो गया, कल का आज भूल जाता हूँ," म्हणायचे. "कल जो पढ़ाया था वो तू मुझे समझा. मुझे भी तो पेपर देना है." ती समजावायला लागली की सर चुकीचं समजून घ्यायचे. तेही कसं, तर बरोबर ती स्वतः जिथे चुकायची तिथेच. आम्लात काय आणि अल्कलीत काय, तिचा दर वेळी घोळ व्हायचा. सरांचाही व्हायला लागला. समतोल कोणत्या बाजूला झुकेल, ती उलट सांगायची. सर त्याहून उलट. ती पुन्हा पुन्हा सांगायची. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते दिसायला लागायचं. एक दिवस सरांनी तोच प्रश्न पाचव्यांदा चुकवला, तेव्हा ती कावली.

"सर, आप तो एकदम शुंभ हो."

तिने जीभ चावली. आतून काकूंचा आवाज आला, "चाळीस वर्षांत कुणी तरी बोललं गं बाई."

सरांनी वहीत काही तरी लिहिलं आणि म्हणाले, "शुंभ हूँ, मान लिया. अब छठी बार समझा." मी त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शिव्या खाऊन इतका खूश झालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

फॉर्म निघाले. सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडूनच भरले जायचे. मी सरांना म्हटलं, तुमचा फोटो द्या.

"माझा मी भरीन."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. या माणसाला फोनवर आलेला फोटो पाहायला काकूंची मदत लागायची. पण मी शुंभ, विश्वास ठेवला. एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यांचं सेंटर ललितपूरला आलंय. पोरांनी त्यांना शुभेच्छा दिल्या. कुणी तरी पारदर्शक पाण्याची बाटली भेट दिली.

परीक्षेच्या दिवशी सर सकाळीच छत्री आणि ती बाटली घेऊन निघाले. मी रचनाला स्कूटीवरून तिच्या सेंटरला नेलं. मे महिना, झाशीचं ऊन. रस्त्यावर बघवत नव्हतं. गेटवर तिने कानातले काढून माझ्या हातात दिले. ती आत गेली. मागून तिचे वडील आले. न कळवता, टहरौलीच्या बसने. आम्ही दोघं कडुनिंबाखाली पालकांच्या गर्दीत जागा शोधायला निघालो, आणि उसाच्या रसाच्या गाड्यामागे मला एक ओळखीची छत्री दिसली.

छत्री हळूच खाली झाली. पण वडिलांनी ती पाहिली होती.

"मास्साब, आपको परचा तो ललितपुर में हतो."

सरांच्या हातात रसाचा ग्लास होता. चष्मा काढायला हात मोकळा नव्हता. बहुतेक म्हणूनच त्या दिवशी ते सरळ खरं बोलले.

"कहीं नहीं था. फॉर्म ही नहीं भरा. भर भी नहीं सकता. इंटर में मेरे पास गणित था, बायोलॉजी थी ही नहीं. बिना बायोलॉजी के बैठने नहीं देते."

"जा बात आपको जुलाई में पता हती?"

"हओ," सर म्हणाले. बुंदेलीत म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

वर्षभर आम्ही सगळ्यांनी वय विचारलं, सेंटर विचारलं, तयारी विचारली; इंटरला विषय कोणते होते, एवढं एका माणसाला विचारायचं सुचलं नव्हतं. आणि ते सुचायला हवं होतं ते मला. फॉर्मवर तो रकाना मी वर्गातल्या प्रत्येकासाठी भरला होता. वडील आता तिला परीक्षेतून उठवून नेतात की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हम साल भर गाँव में कहत फिरे के हमाई मोड़ी मास्साब को पढ़ा रई. दो जनन ने जेई सुनके अपनी मोड़ियन को नाम स्कूल में लिखा दओ." मग गेटकडे पाहिलं. "मोड़ी को पता है?"

"नहीं."

"तो नंबर आवे लौं कोऊ न बताइयो."

निकालापर्यंत हे आम्हा तिघांतच ठेवायचं ठरलं, आणि त्यांनी रसाचे आणखी दोन ग्लास मागवले. तीन तास ते दोघं एका छत्रीखाली बसले. सर त्यांना झुरळाच्या हृदयाविषयी सांगत होते.

जूनमध्ये निकाल लागला. रचनाला रसायनात एकशे एकेचाळीस. सरकारी कॉलेजात जागा मिळेल असा आकडा. ती वडिलांना घेऊन पेढे द्यायला आली. सरांच्या पाया पडली आणि उठता उठता म्हणाली, "सर, आपके कितने आए?"

वडील खिडकीबाहेर बघायला लागले. चष्मा निघाला, पुसला गेला.

"तुझसे कम."

"कितने कम?"

"गुरु से नंबर नहीं पूछते."

वडिलांना ठसका लागला. काकू पाणी घेऊन आल्या आणि त्याही लगेच आत वळल्या; त्यांचे खांदे हलत होते.

रचना परत जायला निघाली तेव्हा मी तिला सोडायला बसस्टँडवर गेले. तिला फसवल्याचं मला वाईट वाटत होतं, म्हणून बस यायच्या आत सगळं सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"दीदी, मुझे तो दीवाली से पता था. सर को कॉकरोच का दिल नया लगा, तभी. जिसने इंटर में बायो पढ़ी हो उसको कॉकरोच नया नहीं लगता. काकी से पूछा, तो वो बोलीं, इनके पास तो गणित था."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलती तो बाबू ले जाते." मग म्हणाली, "और सर पढ़ना छोड़ देते. उनको अच्छा लगने लगा था, दीदी. आपने देखा नहीं?"

पाहिलं होतं, पण मला ते ‘शुंभ’ ऐकल्याचं सुख वाटलं होतं. सर समजत होते की त्यांनी बापाला आणि मुलीला फसवलं. बाप समजत होता की त्याने मुलीला फसवलं. मुलगी सात-आठ महिने दोघांना फसवत होती, आणि काकू सगळ्यांना चहा देत होत्या. खरीखुरी फसलेली त्या घरात मी एकटीच.

रचना मेडिकलला गेली. पुढच्या वर्षभरात मी दोनदा दुपारी चारला, वर्गाच्या आधी गेले तेव्हा सर सतरंजीवर एकटेच बसलेले दिसले, समोर जीवशास्त्राचं तेच पुस्तक. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून स्वतःशीच मोठ्याने वाचत होते. मला पाहून त्यांनी पुस्तक वर्तमानपत्राखाली सारलं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. वाईट जास्त वाटलं.

मी नोकरीसाठी ग्वाल्हेरला गेले. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात रचनाचा फोन आला. "दीदी, मंगळवारी झाशीला या. काम आहे." तिची मराठी बरीच सुधारली होती. ती सरांशी रोज फोनवर बोलायची, हे मला नंतर कळलं.

मंगळवारी सकाळी ई-रिक्षात आम्ही तिघं. मध्ये सर, अंगात करड्या रंगाचा स्वेटर, मांडीवर खाकी वेष्टन घातलेली प्रॅक्टिकलची फाइल. मी उघडून पाहिली. पानापानावर पेन्सिलने काढलेल्या आकृत्या. कांद्याच्या पेशी, पानाचा छेद, झुरळ. झुरळाची आकृती पाच वेळा खोडून पुन्हा काढलेली. वर नाव, आणि खाली ‘ओपन स्कूल, इंटर, अतिरिक्त विषय : जीवविज्ञान’.

"बायोलॉजी निघाली की फॉर्म भरता येतो म्हणे," सर म्हणाले. "मी नियम वाचलाय." त्यांचं वय तेव्हा सहासष्ट होतं.

वाटभर रचना त्यांना प्रश्न विचारत होती. ते दोन बरोबर सांगत, तिसरा चुकत. या वेळी मुद्दाम चुकत नव्हते, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. शाळेच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी माझा हात धरला. ज्या माणसाने तीन पिढ्यांना प्रॅक्टिकल पास करवलं, तो आता स्वतः प्रॅक्टिकलला निघाला होता.

"स्लाइड ओळखता आली नाही तर?" त्यांनी विचारलं. "खोकणारं कुणी असेल का गं आत?"

मी नुसता त्यांचा हात घट्ट दाबला. त्यांच्यावर इतकी माया मला आधी कधी वाटली नव्हती.

फाटकाशी गणवेशातल्या पोरापोरींची रांग होती. सर रांगेत उभे राहिले, त्यांच्या दोन्ही बाजूंना आम्ही. आमची पाळी आली तसा शिपाई अदबीने पुढे आला आणि त्याने सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबूजी, घरवाले बाहर रुकेंगे."

सरांनी फाइल छातीशी धरली.

"घरवाले ये दोनों हैं," ते म्हणाले. "परीक्षा मेरी है."